साहेबांचं 'नको'

३ मार्च, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि चिमणी बऱ्या आहात ना? मी बरी आहे. फोनवर तुला हल्ली धड बोलताच येत नाही, मध्येच "ठेवते गं" म्हणतेस, म्हणून म्हटलं पत्रच टाकावं. हसू नकोस. शाळेतल्या निबंधानंतर इतकं लांबलचक काही लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ.

नोकरी चालू आहे. भाऊजींनी शब्द टाकला म्हणून लागली, हे मी विसरलेले नाही. केंद्रात सगळे मला त्यांची मेहुणी म्हणूनच ओळखतात. पहिल्याच दिवशी सुपरवायझर बाई म्हणाल्या, "त्यांच्या घरातली मुलगी म्हणजे बघायलाच नको." पुरुषांच्या मजल्यावर आंघोळी-कपडे सगळं भाऊजींच्याच हातात, त्यामुळे तिथे त्यांचा मोठा मान आहे. कितीही दंगा चालू असू दे, ते आले की सगळे चिडीचूप.

माझ्या कामाचं नाव वर्तन सहायक. तिकडे गावी आई शेजारणीला सांगते, "नर्ससारखंच काहीतरी आहे." कप्पाळ! इथे राहतात ती मोठी माणसं, पण समज लहान मुलांची. कुणी डोकं आपटलं, कुणी चावलं, तर मी बघायचं की त्याच्या आधी नेमकं काय झालं होतं. त्याला काय सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही. मग ते सांगायची दुसरी रीत शिकवायची. बस, एवढंच. पण जीव मेटाकुटीला येतो.

माझ्याकडे एक साहेब आहेत. नाव आम्हीच पाडलंय. चाळिशी उलटलेली, सकाळी भांग पाडून झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांशी हात मिळवत फिरतात. अडचण एकच, कशालाही 'हो' म्हणतात. "साहेब, जेवलात?" हो. "उपाशी आहात?" हो. "तुम्ही हत्ती आहात ना?" हो, आणि वर हात पुढे! हसून हसून पोट दुखतं. पण अशा माणसाला काही दुखलंखुपलं तर कळायचं कसं गं? म्हणून त्यांना 'नको' शिकवायचं ठरलं. लाल कार्डावर हाताच्या पंजाचं चित्र काढून गळ्यात अडकवलं. कितीतरी आठवडे काही उपयोग नाही. मग एकदा मी मुद्दाम चहात चिमूटभर मीठ घातलं. साहेबांनी घोट घेतला, माझ्याकडे असं काही पाहिलं, आणि कार्ड वर! मी टाळ्याच पिटल्या. आता काय विचारतेस, सुई नको, शेजारच्याचं गाणं नको, सुपरवायझर बाईंचं भाषण तर अजिबात नको.

एक गोष्ट मात्र कळत नाही. आंघोळीच्या वेळीही कार्ड वर जातं. पाणी त्यांना आवडतं, तासन्‌तास खेळतील. पण जिन्यात शीळ ऐकू आली की एका हाताने कार्ड धरतात आणि दुसऱ्या हाताने डावा कान झाकतात. कुणी यायच्या आधीच. कशाला घाबरतात कोण जाणे. बघते. मलाच उगाच शंका येत असतील, तू मला भित्री भागूबाई म्हणतेस ते काही खोटं नाही.

तुझा कान कसा आहे? सर्दीने इतके दिवस कान बसतो का गं? फोन उजव्या कानाला लावतेस म्हणालीस, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. दाखव कुणाला तरी.

चिमणीला पापा.

तुझी
भित्री भागूबाई


१३ मार्च, गुरुवार, दुपार

ताई,

हे टेलरकाकूंच्या दुकानातच वाच. घरी नेऊ नकोस. केंद्राच्या फाटक्या चादरी न्यायला काकू आल्यात, त्यांच्याच हाती देतेय. चिमणीला शाळेतून आणताना तुला हाक मारून दुकानात बसवतील. त्यांना मी सगळं सांगितलंय. रागावू नकोस, दुसरं कुणी नव्हतं. फोन करणार नाही, कारण तुझ्या फोनवरचं सगळं त्याला दिसतं, हे तोच परवा इथे फुशारकीने सांगत होता.

हो, 'तो'. आजवर अहोजाहो केलं, आता हातून लिहवत नाही.

माझं आधीचं पत्र तुला मिळालेलंच नसणार. सोमवारी मी कपड्यांच्या खोलीत होते, तो टॉवेल घडी करत होता. काठाला काठ लावून, अगदी नीट. म्हणाला, "काय मेहुणीबाई, लेखिका झालात म्हणे! चहात मीठ, वा!" मी हसले. काय करणार? हसलेच. मग म्हणाला, "त्या शिळेचं कोडं सुटलं की नाही?" त्याने टॉवेल कपाटात ठेवला, माझ्या डोक्यावर टपली मारली. "ताईच्या कानाची काळजी तू नको करूस. मी आहे ना." आणि शीळ वाजवत गेला.

तीच शीळ, ताई. तुझ्या फोनमधून ऐकू येते ती. ती आली की तू "ठेवते गं" म्हणतेस. मला ती पहिल्या महिन्यातच ओळखू आली होती. पण मनाला समजावत राहिले, शीळ काय, कुणीही वाजवतं. आईच्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्यात बसलेला माणूस तो. माझी नोकरी त्याच्यामुळे. अशा माणसाबद्दल नुसतं मनात आणायचं तरी कसं?

मंगळवारी साहेबांच्या गळ्यात कार्ड नव्हतं. दोरी कापलेली, खाटेखाली पडलेली. सगळे म्हणाले, त्यांनीच तोडली असेल. ताई, माझ्या पत्रामुळे झालं हे. मी ते लिहून टाकलं आणि ते थेट त्याच्या हातात पडलं. मी नवं कार्ड करायला घेतलं, पण आज सकाळी ते पूर्ण व्हायच्या आतच आंघोळ झाली होती. साहेब बाहेर आले ते कान लालबुंद घेऊन. कुणाशीही हात मिळवला नाही. मी विचारलं, "दुखतंय?" म्हणाले, "हो." पण त्यांच्या 'हो'ला इथे विचारतो कोण?

थांब. जिन्यात शीळ आहे.

गेला वरच्या मजल्यावर. काकूंनी चादरींचा गठ्ठा पत्रावर टाकला होता. माझं अक्षर आता आणखीच बिघडलंय, वाचून घे.

तर सकाळी मी साहेबांना धरून सुपरवायझर बाईंकडे निघाले. बाई पॅसेजमध्येच भेटल्या. "अहो, घसरून पडले असतील," म्हणाल्या. तेवढ्यात जिन्यात शीळ वाजली. साहेबांचा हात छातीशी गेला, कार्ड शोधायला लागला. शर्टाच्या आत पाहिलं, पाठीमागे चाचपलं. कार्ड नव्हतं. मग ताई, त्यांनी स्वतःचाच हात वर केला. पंजा उघडा, बोटं ताठ, अगदी त्या चित्रातल्यासारखा. सगळ्यांशी मिळवायचा तोच हात. दुसरा हात कानावर. हात खाली नाही घेतला. हे मी शिकवलेलं नव्हतं गं. तो जिना चढून आला, बाईंना पाहून हसला, "काय साहेब, आज चिडलात वाटतं?" म्हणाला आणि पुढे गेला. बाईंनी ते सगळं पाहिलं.

मग मी बोलले. बाई म्हणाल्या, "तुम्ही कुणाबद्दल बोलताय कळतंय ना?" मी म्हटलं, "माझ्या ताईच्या नवऱ्याबद्दल." त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. साहेबांच्या कानाचा पडदा फाटलाय. जोरात थप्पड बसली की फाटतो, म्हणाले. मी विचारलं, सर्दीने होतं का असं? डॉक्टर म्हणाले, सर्दीने असा फाटत नाही.

साहेबांना आजारी माणसांच्या खोलीत ठेवलंय, नर्स जवळ आहे. ते माझी ओढणी सोडत नाहीत, आणि मी उठून गेले तर त्याला कळेल, म्हणून मी स्वतः तुझ्याकडे येत नाही. संध्याकाळी संचालक येणार. ड्युटी संपताना त्याला ऑफिसात बोलावतील, पोलिसांनाही बोलावणार आहेत. पण कुणाचं बोलणं त्याच्या कानावर गेलं आणि तो आधीच निघाला तर? त्याला कळायला वेळ लागणार नाही की तोंड कुणी उघडलं. आणि मग तो सरळ घरी येईल, तुझ्याकडे.

म्हणून चिमणीला घेऊन परस्पर माझ्या घरी जा. कपडे घ्यायलासुद्धा घरी जाऊ नकोस. माझी किल्ली काकूंकडे दिली आहे. आतून कडी लाव. मी हाक मारेन तेव्हाच उघड.

मला फार भीती वाटतेय ताई. त्याची वाटतेच. पण त्याहून जास्त वाटते ती तू हे वाचून "तसं काही नाही गं, सर्दीच आहे" म्हणशील याची. तू कुणालाच कधी नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आईला नाही, मला नाही, त्याला तर नाहीच. मीही त्या दिवशी हसलेच ना?

म्हणून तुला बोलायला लावत नाही. साहेबांसाठी केलेलं नवं कार्ड पत्रात ठेवलंय. त्यांना आता त्याची गरज नाही. काकूंना काही सांगू नकोस, काही समजावू नकोस. नुसतं ते त्यांच्या हातात ठेव. त्या दुकान बंद करून तुला घेऊन निघतील.

ठेव ताई. तुझ्या पाया पडते.

संध्याकाळी माझ्याच दाराबाहेर उभी राहून तुला हाक मारणार आहे,
तुझी, अजूनही भित्रीच,
भागूबाई