खोकल्याचे दिवस

३ ऑगस्ट
ती. मावशीस ठमीचा शि. सा. न.

धुलाईखान्यातल्या बायकांचे तू पाठवलेले तीसही फॉर्म मिळाले. एकही रकाना रिकामा नाही. पण मावशी, माझं डोकं चालेनासं झालंय. संख्याशास्त्रात मी दोनदा नापास झालेय. हा प्रकल्प सोळा तारखेपर्यंत दिला नाही, तर समाजकार्याच्या वर्गातून माझं नाव काढणार. सरासरी कशीबशी आली. सहसंबंध चार वेळा काढला, तरी उत्तर तेच: धुलाईखान्यात जितकी जास्त वर्षं, तितके महिन्यातले खोकल्याचे दिवस कमी. सरांनी विचारलं, मग काय, ब्लीचची वाफ औषध म्हणून घ्यायची का? सगळा वर्ग हसला. मला हे जमणार नाही, हेच खरं.

दोन ओळी तरी लिही. तुझ्या मायेला आसुसलेली,
ठमी

६ ऑगस्ट
चि. ठमीस अ. उ. आ.

रडू नकोस, वेडाबाई. घोळ माझाच आहे. नऊ जणी महिनाभर कामावरच आल्या नव्हत्या. कोरे फॉर्म पाठवले तर सर तुला बोलतील, म्हणून ते मीच भरले. कुणाची किती वर्षं झाली ते ठाऊक होतं. खोकल्याचं काय लिहिणार? शून्य टाकलं. तुझ्या शाळेच्या वहीतली कोरी पानं मी फुलं काढून भरायची, तशातलंच समज. आता कान पकडते.

इकडे सगळं ठीक. इस्त्रीची खोली तापते, पण सवय आहे. वेळेवर जेवत जा. आशीर्वाद तर आहेतच, थोडी झोपही घे.
मावशी

९ ऑगस्ट
ती. मावशीस शि. सा. न.

तुझ्यावर चिडू की रडू, कळत नाही. अगं, न आलेल्या बायकाच सगळ्यात जास्त आजारी असणार. माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवायचा, शून्य नाही टाकायचं. त्या नऊ जणींचे खरे आकडे विचारून कळव, हात जोडते. एखादा फारच वेगळा असला तरी कळव. असे आकडे कधीकधी गाळतात, पण ते सर ठरवतील.

आणि एक. शून्याचे नऊ फॉर्म मी वेगळे काढले. त्यातल्या एकावर सव्वीस वर्षं लिहिलीत. तिथे सव्वीस वर्षं तुझ्याशिवाय कुणाची झालीत, मावशी? मला फार भीती वाटतेय. लगेच लिही.
तुझीच ठमी

१२ ऑगस्ट
चि. ठमीस अ. उ. आ.

आठ जणींकडे शेजारणीला पाठवलं, आधीचे फॉर्मही तिनंच भरून आणले होते. मला जिना उतरवत नाही. आकडे घे: बारा, वीस, पंधरा, अठरा, पंचवीस, दहा, बावीस, सतरा.

नववा फॉर्म माझा. दोन महिने घरीच आहे. तुझं पार पडेपर्यंत सांगायचं नव्हतं. माझे तीस लिही. फार वेगळा वाटला तर गाळून टाक, मला राग नाही. प्रकल्प आधी दे, मग ये. माझी काळजी करायची नाही, हा हुकूम समज.
मावशी

१४ ऑगस्ट
ती. मावशीस शि. सा. न.

सहसंबंध पुन्हा काढला. जितकी जास्त वर्षं, तितका जास्त खोकला. सर म्हणाले, आता बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित बरोबर आलं, आणि ते चुकलेलं निघावं असं मला वाटत राहिलं.

तुझे तीस गाळले नाहीत. प्रकल्प आज देऊन टाकला. तुझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतलीय, परवा सकाळी पोचते. दाराची कडी शेजारणीला काढून ठेवायला सांग. तू उठू नकोस.
तुझी ठमी