चारशे घरांचं पत्रक

प्रिय रॉयस,

शाळा मंडळावर मी निवडून आले, एकसष्ट मतांनी. ती मतं तू मिळवून दिलीस, हे तुला सांगायला हवं. पण हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तरी तुला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल.

माझ्या प्रचाराच्या पत्रकावर तुझा फोटो होता, बारावी झालास त्या दिवसाचा, चौकोनी टोपीतला. "खाली काय लिहिलंयस?" तू विचारलंस. "शाळा सुधारायला हव्यात, तेच," मी म्हणाले. खाली लिहिलं होतं: 'माझा भाऊ याच गावच्या शाळेतून पास झाला. त्याला आजही वाचता येत नाही.'

चारशे घरी ती पत्रकं तूच वाटलीस. परत आलास तेव्हा म्हणालास, "बाईसाहेब, लोक काय प्रेमाने वागतात गं! कॉफी पाजतात, खांद्यावर हात ठेवतात. तुझ्याऐवजी मीच उभं राहायला हवं होतं!" मी हसले. गोष्ट खरी आहे, मुलांच्या भल्याची आहे, असं स्वतःला बजावत राहिले. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, हे ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

काल फोनवर म्हणालास, एक पत्रक फ्रिजवर लावलंय. मी "छान" म्हणाले. शनिवारी तुझी टेसा तिच्या आईकडून तुझ्याकडे येईल. बाबाचा चष्मा सापडत नाही म्हणून तो गोष्ट वाचून दाखवत नाही, असं तिला अजून वाटतं.

ती आता दुसरीत आहे. दिसेल ते मोठ्याने वाचते.

तुझी बहीण,
लोर्ना