हुंकार देणारं माणूस

श्री.
चिक्कडपल्ली, हैदराबाद
६ जुलै २०२५

ती. आजीस,
मृण्मयीचा शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नांदेडला अलकाआत्याकडे बरी रमलीस, असं कळलं. फोनवर मी 'हं हं' करत दुसरंच काही टाइप करते, म्हणून पत्रच लिही, असा तुझा हुकूम. घे मग, आत्याकडून वाचून घे.

इथल्या मराठी वाचनालयाची व्यवस्थापक होऊन मला चार महिने झाले. आल्या आल्या, सगळ्यांना सारखा न्याय म्हणून मी तक्ता लावला: तिघा कर्मचाऱ्यांनी दर आठवड्याला कामं बदलायची. शिवराजचा आवाज नारायणगुड्यापर्यंत जातो, त्याला शांत अभ्यासिका मिळाली. तेजश्री इतकं हळू बोलते की काउंटरवरचे लोक "क्या बोले अम्मा?" विचारून थकले. आणि नामदेवरावांनी कम्प्युटरवर आपले जुने सभासद लक्ष्मणराव यांच्या नावे बाळंतिणीच्या आहाराचं पुस्तक चढवलं. मुदत संपल्याचा मेसेज सुनेच्या फोनवर गेला. सत्तरीच्या सासऱ्यांची घरात अजून चौकशी चालू आहे.

अध्यक्ष आबासाहेब म्हणतात, वाचक घटले, तिघं कशाला? महिनाअखेर एकाचं नाव लिहून द्या. नामदेवरावांच्या चुका मी वहीत मांडल्या, सत्तावीस भरल्या. नाव त्यांचंच द्यावं लागेल. अठरा वर्षं आहेत गं ते इथे. जेवण गोड लागत नाही.

गुडघा जप. रागावलीस तरी पत्रातून रागव.
तुझी
मृण्मयी


श्री.
नांदेड
११ जुलै २०२५

चि. मृण्मयीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लिहिणार अलका, बोलणार मी. ती मधेच माझे शब्द सुधारते, म्हणून प्रत्येक ओळ पुन्हा म्हणून घेते आहे.

लक्ष्मणरावांचं ऐकून चहा नाकात गेला. मग तुझ्या वहीचं ऐकलं आणि कप खाली ठेवला. सत्तावीस चुका मांडल्यास, चांगलं केलंस. नामदेवरावांना काय येतं, ते कुठल्या वहीत लिहिलंस?

गौलीगुड्याच्या गणपतीचं जेवण एकवीस वर्षं माझ्या हाताखाली झालं. पहिल्या वर्षी मीही तुझ्यासारखीच न्यायी होते, सगळ्यांनी आळीपाळीनं लाटायचं. गंगूच्या पुऱ्यांना कोपरे यायचे. तिला बोलून बोलून रडवलं मी. मग ध्यानात आलं, ही बाई पंगतीवर एकदा नजर फिरवते आणि किती भात लागेल ते सांगते. लाटण्यावरून उठवली आणि पंगतीत उभी केली. पुढे कधी शीत वाया गेलं नाही की कुणी अर्धपोटी उठलं नाही.

ऑपरेशनच्या आधी एकदा तुझी वाट बघत मी वाचनालयाच्या पायरीवर बसले होते. नामदेवरावांनी मला पेपर वाचून दाखवला. बातमी फुटलेल्या नळाची, पण अशी वाचली की मला त्या नळाची काळजी लागली. यादम्मा भाजीवालीला मराठी कळत नाही, तीसुद्धा टोपली उतरवून उभी राहिली. अशा माणसाला तू कम्प्युटरसमोर बसवतेस?

तूच सांगतेस, तिकडची पोरं मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की परेशान होतात. त्यांना आधी ऐकू तर दे. आणि तो तक्ता काढ भिंतीवरून. सगळ्यांना सारखंच काम देणं हा न्याय नव्हे, तो आळस आहे. माणूस बघायचा आळस. (आई, हे जरा कडक होतंय, असं मी म्हटलं. तिनं पुन्हा लिहायला लावलं. - अलका)

लोभ जुनाच आहे, कमी पडला तर कळव.
तुझी आजी (अंगठा)


श्री.
चिक्कडपल्ली
२७ जुलै २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तक्ता काढला. दोन दिवस वही उघडली नाही, नुसती त्या तिघांना बघत बसले. तेजश्री आता आत कम्प्युटरवर असते. एक नोंद चुकलेली नाही, आणि कुणी बोलायला येत नाही म्हणून खुशीत आहे. शिवराजला म्हटलं, तुझा आवाज घेऊन बाहेर जा. तो पुण्या-मुंबईहून आलेल्या आयटीवाल्यांच्या सोसायट्यांत फिरला, पोरं आणि त्यांचे आजी-आजोबा गोळा केले.

दर शनिवारी पाच वाजता नामदेवराव गोष्ट वाचतात. पहिल्या शनिवारी चौघंच आले, त्यातला एक पंख्याखाली झोपला. काल एकोणीस होते. गोष्ट रंगात आली की नामदेवराव पुस्तक मिटतात. उरलेलं घरी वाचा, म्हणतात. काल एका पुस्तकावर दोन पोरांची मारामारी झाली. ईशा नावाच्या बाईनं लेकासाठी त्याच पायी सभासदत्व घेतलं.

आबासाहेबांना मी कोरा कागद दिला. ते चिडले. म्हणाले, "मग व्यवस्थापक म्हणून तुम्ही करता काय?"

मी म्हटलं, "कुणाला काय येतं ते बघते."

ते या शनिवारी स्वतः ऐकायला येणार, कागदही घेऊन. त्यांना वाटलं तर नाव तेच लिहिणार. नामदेवराव तेव्हापासून घाबरलेत. एवढंच विचारतात, पायरीवरच्या आजी कधी परत येणार?

गाडीचं बघशील का?
वाट पाहणारी
मृण्मयी


श्री.
चिक्कडपल्ली
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अलकास,
आईचे आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. गुडघा कुरकुरतो, पण तुझ्यापेक्षा कमी. आज लिहिणार तेजश्री. ही शब्द सुधारत नाही, शीक.

काल मी पहिल्या खुर्चीत बसले, शेजारी आबासाहेब, मांडीवर कोरा कागद, हातात पेन. गोष्ट राजाच्या हरवलेल्या हत्तीची. नामदेवरावांनी दोन ओळी वाचल्या आणि तिसरीवर अडखळले. पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. पोरं आपली हाताची घडी घालून शाळेसारखी गप्प. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मी म्हटलं, "हूं."

नामदेवरावांनी वर पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, "हूं, मग?" आणि ते सुटले. चौथ्या-पाचव्या ओळीला पोरांनी हूं धरलं, म्हाताऱ्यांनी धरलं, दारातून यादम्मानं धरलं. हत्ती अंधाऱ्या विहिरीच्या काठाशी आला, एक पाय पुढे टाकला, आणि नामदेवरावांनी पुस्तक मिटलं.

आबासाहेब म्हणाले, "मग?"

नामदेवराव म्हणाले, "पुढच्या शनिवारी, साहेब."

 आबासाहेबांनी पेनाला टोपण लावलं, कोऱ्या कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि जाताना शिवराजला आपल्यासाठी पहिली खुर्ची धरून ठेवायला सांगितलं.

मी सांगितलं, ती माझी आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. माझी आठवण काढ, पण दुपारी नको, मी झोपते.
तुझी आई (अंगठा)