बेलचं बटण

४ जून

ती. दादास,
अंथरुणातून जमेल तेवढा वाकून सा. न. वि. वि.

पत्र मी सांगतोय, मावशी लिहितेय. अक्षर तिचं, आगाऊपणा माझा.

आपलं गेमचं मशीन काल गेलं. तू इथे होतास तेव्हाच ते म्हातारं झालं होतं. टेबलफॅनचा वारा घातल्याशिवाय चालायचं नाही, डिस्क फिरायला वरून चापट लागायची. मधेच बंद पडलं की मावशी शिव्या द्यायची आणि त्या ऐकून चालूही व्हायचं. आता नुसता लाल दिवा मिचकावतं.

दादा, त्याच्याशिवाय दिवस सरत नाही रे. हातपाय, मान सगळे संपावर गेलेत, उजवा अंगठा तेवढा कामावर येतो. त्याच्यासाठीच तू रिमोट फोडून वायर बाहेर काढलीस आणि दारावरच्या बेलचं बटण माझ्या हाताखाली बसवून दिलंस. त्या एका बटणावर मी पडद्यावरचे मासे धरतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगठा वापरात ठेवा, नाहीतर तोही जाईल. तू लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, हे तुझ्या हातचा मळ. एक दिवस येऊन जा. वहिनींना सांग, नवरा जसाच्या तसा परत पाठवतो.

लोभ आहेच. येताना सोल्डरिंगचं सामानही असू दे.
तुझा,
छोट्या

१९ जून

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद. मावशीस सा. न.

सगळ्या लिफ्टांनी एकदमच बंद पडायचं ठरवलंय. साहेब रजेचा शब्द काढू देत नाहीत. म्हणून नवंकोरं मशीन कुरिअरनं पाठवलंय. फॅन नको, चापट नको. ते जुनं धूड आता फेकून दे. तुझी वहिनी म्हणाली, पडून असलेल्या माणसाला इतकं भारीतलं कशाला. मी म्हटलं, असू दे, एकच तर भाऊ आहे.

आता तोंड फुगवू नकोस. मावशीला त्रास देऊ नकोस.
तुझा,
दादा

८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नवं मशीन देखणं आहे. मी त्याच्याकडे बघतो, ते माझ्याकडे बघतं. आपल्या रिमोटची पिन त्यात बसत नाही आणि त्याच्या रिमोटवर बोटाबोटाला बटणं आहेत. मावशीनं दुकानात कळवलं, तर त्यांनी बदलून दुसरं पाठवलं. तेही त्याच जातीचं, वर आवाज बंद. शेजारच्या वायरमनला बेल जोडायला बोलावलं. त्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, ज्यानं केलंय त्यालाच बोलवा, माझ्या हातून बिघडेल.

अंगठा हल्ली सकाळी उशिरा उठतो. कधी दुपारीही उठत नाही. मला तिसरं मशीन नको. तू ये.
वाट पाहणारा,
छोट्या

मी मावशी. हे माझं स्वतःचं: तो विनोद करतो म्हणून बरा आहे असं समजू नकोस.

३० जुलै

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. मधे वहिनीच्या माहेरच्यांबरोबर आठवडाभर समुद्रावर जावं लागलं, मोडता घालता येईना. तिथे गळ टाकून खरे मासे धरले. तुझी फार आठवण आली. तू तरी सुखी आहेस बाबा, दिवसभर खेळायचं आणि कुणी कामाला लावत नाही. मग थोडी कळ काढायला काय होतं?

खुशखबर अशी की जुन्या मालाच्या दुकानात हुबेहूब आपलं मॉडेल मिळालंय. तुझा रिमोट त्यात सरळ बसेल. आजच पाठवतोय. एखाद्या रविवारी मीही येतोच.

मावशीस नमस्कार. आता तरी खूश हो.
तुझा,
दादा

२१ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मशीन पोचलं. तू म्हणालास तसंच हुबेहूब आहे. पिन बसली, डिस्क पहिल्याच फटक्यात फिरली, लाल दिवा नाही. इतकं चांगलं तर आपलंही कधी चाललं नव्हतं. मावशीनं हात उचलून बटणावर ठेवला. मी बराच वेळ सांगून पाहिलं. अंगठा हलला नाही. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. आता हलणार नाही म्हणाल्या.

बटण मावशी दाबते. गळ हलला की मी ‘आता!’ म्हणतो, मग ती चष्मा सावरून दाबते. तेवढ्यात मासा निघून गेलेला असतो. ती रोज माझी माफी मागते. तुझ्या वाटणीची माफीही तीच मागते, म्हणून तू मागायचं कारण नाही.

रविवारी येतो म्हणतोस. येऊ नकोस. आलास तर माझा हात हातात घेऊन रडशील, मावशी तुला पाणी देईल आणि तुझी समजूत घालायचं काम माझ्याकडे येईल. ते मला आता झेपणार नाही.

सौ. वहिनींना सांग, मशीन भारीतलं निघालं.
छोट्या
(अक्षर मावशीचं. तिनं यातलं एक वाक्य लिहायला नकार दिला होता. मी लिहायला लावलं.)