समुद्राला घातलेली ओटी

बुलढाणा,
शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप अन्नपूर्णाताईंच्या पायांवर डोकं ठेवून छायाचा नमस्कार. (पायांचा विषय पुढे येणारच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात केली.)

तुमचा गुडघा कसा आहे? साखरखेर्ड्याला ऊन तापलं असेल. अश्विनीच्या लग्नाच्या धावपळीत सकाळची गोळी विसरू नका. आम्ही चौघं अंदमानहून सुखरूप परतलो. सुखरूप म्हणजे माणसं. सासूबाईंनी लग्नात माझ्या पायात घातलेली जोडवी तेवढी आली नाहीत. पुढच्या महिन्यात हळदीला तुम्ही सवाष्णींचे पाय धुणार, त्यात पहिले माझे. तेव्हा दिसण्याआधी कळलेलं बरं. फोन केला नाही, कारण तुमचे भाऊ दिवसभर घरात असतात आणि त्यांना हे कळता कामा नये. गेले आठ दिवस मी पायमोजे घालून वावरते आहे. टाचांना भेगा पडल्यात असं सांगितलंय. (एप्रिलात, ताई.)

झालं असं. आमच्या चिरंजीवांनी, हर्षलने, परस्पर होडीची सहल ठरवली. खोल पाण्यात जायचं, डोळ्यांवर काच लावायची, तोंडात नळी धरायची आणि पालथं तरंगत मासे बघायचे. आपण येळगाव धरणाच्या पाण्यावर वाढलेली माणसं, तेही नळाला येईल तेव्हा. तुमच्या भावाचं तुम्हाला ठाऊकच आहे. मलकापूरच्या बसमधून नदी दिसली तरी हात जोडले जातात. एवढ्या मोठ्या पाण्यात रिकाम्या हाताने कसं शिरायचं, म्हणून त्यांनी घरून समुद्राची ओटी नेली होती. नारळ विमानतळावरच काढून घेतला. उरले खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. होडीवाल्याने निघतानाच बजावलं की समुद्रात काही टाकायचं नाही, दंड होतो. त्यामुळे ओटी यांच्या मांडीवरच राहिली.

मग सूनबाईंनी, म्हणजे योगिनीने, माझ्या पायात बदकाच्या पंजासारखे रबरी बूट चढवायला घेतले. जोडव्यांवरून ते चढेनात. छत्तीस वर्षं न हललेली जोडवी खोबरेल तेल लावून निघाली. (बोटांवर पांढरे वळ. ते बघून उगाच सासूबाईंची आठवण झाली. 'इंग्रजी शाळेतली सून हाये, पाय जमिनीवर राह्यले पाह्यजे,' म्हणून त्यांनी ती मुद्दाम जड घडवून घेतली होती.) ठेवायची कुठे? योगिनीची पिशवी ओल्या टॉवेलांनी भरलेली, माझ्या पर्समध्ये हर्षल गोळ्या-बिस्किटं शोधतो. देवाच्या वस्तूला कोणी हात लावणार नाही, अशा विचाराने मी ती ओटीच्या खणात सरकवली आणि गाठ मारली. हे तेव्हा नळीचा वास घेऊन बघत होते.

आणि ताई, पाण्यात तोंड घातलं तर खाली दुसरंच गाव. हळदीच्या रंगाचे मासे, जांभळे मासे, एक तर नुसता पोपटी. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला प्रार्थनेची ओळ संपेपर्यंत श्वास सोडू देत नसत, आणि चॅपलमध्ये हलायचं नाही. पन्नास वर्षांनी ते नळीत कामी आलं. मी मनात ओळी म्हणत अगदी निश्चल पडून राहिले. इतकी निश्चल, की होडीत हे उभे राहिले आणि होडीवाल्याला विचारू लागले. (पुढचं योगिनीने सांगितलं.)

"भाऊ, ते काऊन हलून नाही राह्यली?"

"अंकल, मछली देख रही हैं."

"मासे पाहाले इतका वेळ लागते का बे?"

मग 'दंड घेजो माह्याकडून' म्हणून यांनी ओटी उचलली आणि समुद्राला घातली. नेमकं त्याच वेळी काचेत पाणी शिरलं म्हणून मी डोकं वर काढलं. आता गल्लीत सगळ्यांना सांगतात की ओटीनेच माझी बायको परत दिली. चेहरा असा फुललेला असतो की माझ्याने खरं सांगवत नाही. शिवाय त्या जोडव्यांवर मासोळ्या कोरलेल्या होत्या. त्या समुद्रात गेल्या याला हरवणं म्हणावं की माहेरी जाणं, तुम्हीच ठरवा.

अश्विनीला आशीर्वाद. हळदीआधी पोरीला एकदा पोटभर झोपू द्या.

तुमची
छाया

ता. क. : सासूबाईंची स्वतःची जोडवी तुमच्या डब्यात आहेत, तशीच, मासोळीची. हळदीच्या आधी माझ्या पायात घालता येतील का? यांना मात्र अवाक्षर कळू देऊ नका.

ता. क. दुसरं : पाकीट चिकटवत होते, तर हे दारात. म्हणाले, "ताईले जोडव्यांचं लिहिलं ना?" मी पाकीट पदराखाली सरकवलं. "गाठ मारताना पाह्यलं होतं म्या." मग टाकली कशी, विचारलं. "तू हलून नव्हती राह्यली. गाठ सोडाले टाइम कुठं होता? आता ते मोजे काढ, घामोळं येईन." तेव्हा वरची गुप्ततेची अट रद्द, जोडव्यांची विनंती कायम. डिसेंबरात पुन्हा जायचं म्हणतात, आणि पाण्यात ते उतरणार. होडीत ओटी धरून मी बसणार आहे. त्यांना एका जागी स्थिर राहता येत नाही, तेवढाच मला धीर.