घार मोठी की भिंगरी

प्रिय घार,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझ्या लेकीला मी बजावून ठेवलंय की हे शेवटपर्यंत वाचायचं, मधेच तू पांघरूण डोक्यावर ओढलंस तरी थांबायचं नाही. तिचा आवाज अगदी तुझ्यासारखा आहे गं. परवा फोनवर ती नुसतं हॅलो म्हणाली आणि मला वाटलं, तूच बोलतेयस. क्षणभरच वाटलं. मग ती म्हणाली, मावशी, झटका आल्यापासून फरक काही नाही. उजवा हात थोडा हलतो, पण आई तोंडातून अवाक्षर काढत नाही. बोलायचे व्यायाम शिकवणारी बाई आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. डॉक्टरांचं म्हणणं, शब्द आत शाबूत आहेत, ऐकलेलं सगळं कळतंय, पण बाहेर काढायला झटावं लागेल, आणि आत्ताच झटावं लागेल, कारण जितके दिवस गप्प जातील तितकी वाट बुजत जाईल. आणि तू म्हणे झटणंच सोडलंस. सगळ्या गावाने जिच्या आवाजावर फोन जोडून घेतले, ती. असो. तब्येत विचारायला मी लिहीत नाहीये, ते काम करणारे पुष्कळ आहेत. मला एक जुना वाद मिटवायचाय.

झालं काय, गेल्या आठवड्यात मी दाढ काढायला गेले होते. बाहेरच्या बाकावर गाल धरून बसले होते आणि शेजारचा माणूस मोबाईलवर मोठ्या आवाजात काहीतरी बघत होता. दाढ ठणकत असताना दुसऱ्याचा मोबाईल म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण तेवढ्यात कानावर आलं, घार मोठी की भिंगरी? अगं, आपण दोघी! दोन बाप्ये माईकसमोर बसून जुन्या काळातल्या बायकांच्या बास्केटबॉलवर बोलत होते. आपण बूट खुंटीला टांगले तेव्हा त्यांच्या आईबापांची ओळखही झाली नसेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणे, घारीला तोड नव्हती, रिंगवर आपटून आलेला प्रत्येक चेंडू तिचाच, आणि तिचा तो डोक्यावरून फिरवलेला हुक कुणाच्या बापाला अडवता यायचा नाही. दुसरा म्हणे, उंची तर जन्मजात मिळाली, त्यात तिने काय केलं? भिंगरी तिच्या काखेखालून जायची एवढीशी, पण अख्खा सामना बोटांवर फिरवायची. पहिला म्हणे, भिंगरीला सोबत नेमबाज पोरी होत्या, घारीने संघ एकटीने ओढला. शेवटी दोघे मिळून ठरवायला लागले की या दोघी आजच्या काळात खेळल्या असत्या तर काय झालं असतं. आजच्या काळात मला जिन्याचा कठडा धरल्याशिवाय खाली उतरता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? शेजारच्या माणसाने म्हातारीला त्रास नको म्हणून आवाज कमी केला. मी म्हटलं, वाढव बाबा.

आणि शेवटी गाडी अडली कुठे, सांगू? आपल्या शेवटच्या अंतिम सामन्यावर. जी तो जिंकली ती मोठी, इतकं त्यांचं एकमत झालं, पण निकालच सापडेना. आमच्या संघाचा बिस्किटांचा कारखाना कधीच बंद पडला, तुमच्या संघाच्या टेलिफोन ऑफिसातले जुने कागद रद्दीत गेले, आणि बायकांच्या सामन्याला वर्तमानपत्रात जागा कोण देतंय. मला हसू फुटलं आणि दाढेतून अशी कळ आली म्हणून सांगू! मनात म्हटलं, अरे शहाण्यांनो, जिंकलेली इथे बाकावर बसलीय.

आठवतोय ना सामना? नसेल तर मी सांगते. हॉल खच्चून भरलेला. आमच्या पॅकिंग खात्यातल्या बायका अंगाला बिस्किटांचा वास घेऊन तशाच आलेल्या, तुमच्या ऑपरेटरणी मात्र केसबिस विंचरून. तू नेहमीसारखी दोन बोटं एकत्र चिकटपट्टीने बांधली होतीस. मी तुला डाव्या कोपऱ्यातल्या त्या मऊ फळीकडे नेत होते, जिथे चेंडू आपटला की उसळायचाच नाही, आणि तू काही तिथे फसत नव्हतीस. बाकी सगळ्या फसायच्या, तू कधीच नाही, एवढं मी कबूल करते. शेवटी आम्ही एका गुणाने पुढे होतो. चेंडू तुझ्याकडे आला, मी मधे उडी मारली, पण माझी उडी म्हणजे तुझ्या कोपराइतकी. तू हुक मारलास. चेंडू रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो. आमच्या पोरींनी मला उचलून घेतलं. तू मात्र रिंगकडे बघत उभी होतीस. मी तुमच्या सगळ्यांच्या मागाहून खेळायला लागले, पण कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ती मी. तेव्हा घारबाई, हा वाद इथे मिटला. मोठी कोण, हे आता लेकीसमोर मुकाट्याने मान्य करून टाक.

लेकीला त्या हॉलचा नियम माहीत नसेल, म्हणून तिच्यासाठी लिहिते. हॉल सांभाळणारे काका एकटेच होते आणि त्यांची कंबर धरलेली. त्यांनी नियम करून ठेवला होता, सामना संपला की हरलेल्या संघाच्या कप्तानाने कोर्ट पुसायचं. घामाने ती लाकडी जमीन निसरडी व्हायची. पहिल्यांदा तुमच्याकडून हरले तेव्हा माझ्या पोरी रडत घरी गेल्या आणि मी एकटी फडकं घेऊन गुडघ्यांवर बसले. बघते तर तू पाण्याची बादली घेऊन शेजारी उभी. तुझ्या मैत्रिणी बाहेरून हाका मारत होत्या, तू बादली माझ्यापुढे सरकवलीस. पुढच्या वेळी तुम्ही हरलात, तेव्हा बादली मी उचलली. तेव्हापासून आपलं ठरूनच गेलं, हरली तिच्या हातात फडकं, जिंकली तिच्या हातात बादली. ती रीत कधी मोडली नाही आपण. बाहेर लोक घारवाले आणि भिंगरीवाले होऊन एकमेकांच्या अंगावर धावायचे, आणि आत आपण दोघी न बोलता कोर्ट पुसत असायचो. मैत्रीण म्हणावी तर तेव्हा कधी एकमेकींच्या घरी गेलो नाही, वैरीण म्हणावी तर इतकी वाट मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही.

त्या शेवटच्या संध्याकाळी सगळे निघून गेले. संघ बंद होणार, हॉल फर्निचरवाल्याला गोदाम म्हणून जाणार, हे दोघींनाही कळलं होतं. मी फडकं पिळून पिळून तीच जागा पुन्हा पुसत होते. तूही बादली घेऊन माझ्यामागून हळूहळू येत होतीस, तुलाही घाई नव्हती. कोपऱ्यातल्या मऊ फळीवर तू पाय आपटलास आणि म्हणालीस, ही कुणी दुरुस्त का नाही केली गं इतकी वर्षं? मी म्हटलं, मीच काकांना करू देत नव्हते. तेव्हा तू हसलीस. मीही हसले. इतक्या वर्षांत आपण एकत्र हसलेलो तेवढंच. घरी आल्यावर मला कळेना की रडू कशाचं येतंय.

मग माझं लग्न, तुझं लग्न, संसार. माझा नवरा मालट्रक चालवायचा, तुला माहीत आहे. एकदा दुपारी त्याच्या मालकाचा माणूस आला आणि म्हणाला, लांबच्या गावी अपघात झालाय, या नंबरवर ताबडतोब विचारा. मी पोस्टात धावले. रिसीव्हर कानाला लावला आणि आवाज आला, नंबर सांगा. मी नंबर सांगितला. तू मला ओळखलंस आणि मी तुला, पण कामाच्या वेळी तू कधी वावगं बोलायची नाहीस. तू लाईन जोडलीस. पलीकडच्याने जे सांगायचं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. मी तशीच उभी. मागे रांग लागलेली, कुणीतरी म्हणालं, बाई, आटपा. आता लाईन तुटेल, आता तुटेल असं वाटत होतं. तुटली नाही. मग तू म्हणालीस, "भिंगरी, मी लाईनवर आहे."

बस्स. दुसरं काही नाही. धीर धर म्हणाली नाहीस, रडू नकोस म्हणाली नाहीस. तुझ्या बोर्डावर केवढ्या बत्त्या लुकलुकत असतील. मागून तुझा साहेब ओरडलेला मी ऐकला. तरी तू लाईन काढली नाहीस. मी रिसीव्हरमध्ये रडले, पोटभर रडले, आणि तुझा श्वास ऐकू येत राहिला. माझं पुढचं सगळं आयुष्य मी त्या श्वासावर काढलं म्हटलं तरी चालेल. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण आपल्यात सांगायची पद्धतच नव्हती.

मागच्या महिन्यात मी तुझ्या घरी आले होते. तुला माहीत आहे, कारण माझा आवाज ऐकून तू लेकीला मान हलवून नको म्हटलंस. लेक बिचारी ओशाळली. मी बाहेरच्या खोलीत बसले, चहा प्यायले. कोपऱ्यात तुझी नवी चाकांची खुर्ची होती, तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. भिंतीवर तुझा फोटो, हात वर, चेंडू बोटांच्या टोकावर. मला राग आला नाही. तू अशी पडलेली मी बघू नये, असं तुला वाटलं असणार. तुझ्या जागी मी असते तर मीही दार लावून घेतलं असतं. पण बसमध्ये मला रडू आवरेना. शेजारच्या बाईने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, आहे अजून.

आता खरं सांगते. वादबिद काही नाही. त्या दोन बाप्यांचं बोलणं मी फोनवर तुझ्या लेकीला सांगितलं, आणि तिने तुझ्या उशाशी बसून विचारलं, म्हणजे भिंगरी मावशीच मोठी का? आणि तू म्हणे भिंतीकडची मान वळवून तिच्याकडे बघितलंस. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. म्हणून मी बसून हे धडधडीत खोटं लिहिलं. एव्हाना आतल्या आत धुमसत असशील, की ही भवानी जिंकली होती तर शेवटच्या दिवशी फडकं हिच्या हातात कसं? बादली माझ्या हातात कशी? तुझा हुक बाहेर पडला नव्हता, हे मला माहीत आहे आणि तुला. हॉलवाले काका गेले, पंच गेले, माझ्या संघातली माझ्याशिवाय शेवटची उरलेली गेल्या हिवाळ्यात गेली, तुमच्यातली तू एकटी. तू गप्प राहिलीस तर माझं खोटंच खरं होऊन बसेल, आणि मी त्या माईकवाल्यांना गाठून सांगणार आहे, माझी जीभ अजून चांगली चालते. हे वाचून झालं की लेक मला फोन लावेल आणि तुझ्या कानाशी धरेल. एकच शब्द म्हण, खोटं. अर्धा आला तरी चालेल, वेडावाकडा आला तरी मला कळेल. आणि आज नाहीच आला, तर लेकीला फोन ठेवू देऊ नकोस. माझ्यामागे रांग नाही, तुझ्यामागे साहेब नाही. मी लाईनवर आहे. पण झट गं बाई. तू नसलीस तर मी मोठी कुणापेक्षा?

तुझीच,
आणि तू काही बोलेपर्यंत तरी तुझ्यापेक्षा मोठी,
भिंगरी