अनोळखी प्रोग्रॅम

११ नोव्हेंबर २००८

मीच 'नको' दाबलं. खालच्या चौकोनात खूणही केली — पुन्हा विचारू नये म्हणून. आणि ह्यांचा आवाज गेला!

पक्षाघातानंतर हे बोलत नाहीत. तेजूनं, आमच्या लेकीनं, पुण्याहून प्रोग्रॅम करून आणला. डाव्या हातानं चित्रावर माउस दाबायचा. कंप्युटर बोलतो — पाणी, दुखतंय, कूस बदल. तेजूच्याच आवाजात. काल कंप्युटरच्या दुकानातल्या गोरखनं अँटिव्हायरस घातला. आज लाल चौकट, इंग्रजीत : हा प्रोग्रॅम कोणत्याच वर्गात बसत नाही. चालू द्यायचा?

घाबरले.

१२ नोव्हेंबर

पाणी? मान हलली — नाही. खिडकी? नाही. दुखतंय? डोळे मिटले. ह्याचा अर्थ काय!

१३ नोव्हेंबर

गोरखला जुन्नरला फोन. "बाई, व्हायरस हाये आसं न्हाई म्हणत ते. ओळखत न्हाई म्हणतंय. तुमच्या लेकीचं नाव कंपनीच्या यादीत आसतंय व्हय?" हसला. "पावण्याचं गाव म्हाइत न्हाई म्हणून त्यो काय चोर?" सोमवारी येतो म्हणाला. सोमवारी!

आमच्याकडं दारी आलेल्याला आधी पाणी देतात, मग गाव विचारतात. मी दारच लावून घेतलं.

ह्यांच्या पाठीला जखम झालीय. कधीची? सांगणार कसे?

तेजूला फोन केला. करायची लाज वाटत होती.

१५ नोव्हेंबर

तेजू आली. पूर्वी दर शनिवारी यायची. प्रोग्रॅम दिल्यापासून नाही — "आता बाबा बोलतात की!" दिवाळीतही एकच दिवस.

प्रोग्रॅम सोडवला. "ह्या वेळी खूण करत नाही, आई; चुकून 'नको' दाबलं तरी कायमचं बंद पडायला नको. रोज सकाळी विचारेल. तू 'हो' म्हण. मी काय परकी आहे?"

तिच्या हातची पेज ह्यांनी संपवली. माझ्या हातची चार घासच घेतात.

१६ नोव्हेंबर

तेजू सकाळच्या एसटीनं गेली. कंप्युटर लावून मी चहा ठेवायला गेले. परतले तर चौकट तशीच, ह्यांचा हात माउसवर, बाण चौकटीवर फिरतोय. वाटलं, 'हो' सापडत नाही. हात धरायला गेले. झटकला! नेम धरून दाबलं —

'नको'.

१७ नोव्हेंबर

आज सकाळीही ह्यांनी 'नको'च दाबलं. गोरखला कळवलं, येऊ नकोस. आता न विचारताच कूस बदलते.

२१ नोव्हेंबर

तेजूचा फोन. "प्रोग्रॅम चालतोय ना? नाहीतर उद्या येते."

ह्यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडं बघत होते.

"नाही गं", म्हटलं. "नाही चालत."